ग्लास रिकामा ठेवू नकोस

भाच्या, दवाखान्यात मी तुला काही बोललो नाही. तिथं सगळेच बोलत होते, आणि नाकात नळी घातलेल्या माणसाला काय शिकवायचं? आता घरी आलायस, मऊ भात खातोयस, म्हणून सांगतो. पॅन्क्रियाटायटिस, म्हणजे स्वादुपिंडाची सूज, मला दोनदा झालाय. पहिल्यांदा दारूनं, दुसऱ्यांदा शहाणपणानं.

डिस्चार्जच्या कागदावर 'मद्यपान टाळावे' असं लिहिलं होतं. मी तीस वर्षं साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत काढलेली, मळीचं स्पिरिट कसं होतं ते झोपेत सांगेन. मला वाटलं, यातलं डॉक्टरपेक्षा आपल्याला जास्त कळतं. हार्ड बंद करू, बिअरला काय होतंय? अकरा महिने कोरडे काढले आणि मग एका लग्नात स्ट्राँग बिअरची एक बाटली घेतली. एकच.

तिचं गणित तेव्हा मांडलं नाही, ते आता मांडतो. व्हिस्की, रम, ब्रँडी, बहुतेक बाटल्यांवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. ३० मिलीच्या पेगात निव्वळ अल्कोहोल झालं साधारण १३ मिली. स्ट्राँग बिअर ८ टक्क्यांची, बाटली ६५० मिलीची, म्हणजे ५२ मिली. चार पेग झाले की रे! आणि वर आम्ही म्हणणार, 'हलकंच घेतलं'. वाइनच्या दीडशे मिलीच्या ग्लासातसुद्धा जवळजवळ दीड पेग असतो. तुझ्या स्वादुपिंडाला लेबल वाचता येत नाही.

त्या रात्री काही झालं नाही. खरी मेख तिथं आहे. दुसऱ्या दिवशी वरातीत नाचलो. तिसऱ्या दिवशी पहाटे बेंबीच्या वर कळ उठली ती थेट पाठीत. उताणं झोपता येईना, गुडघे पोटाशी घेऊन पुढं वाकलं की तेवढंच बरं. मामीनं आधी ओवा दिला, मग गॅसची गोळी. त्यात चार तास गेले. तुला अशी कळ पुन्हा आली, उलट्या सुरू झाल्या, तर ओवा नाही आणि गोळी नाही, सरळ गाडीत बस. आणि कुणी म्हणालं, 'मी मागच्या महिन्यात दोन पेग घेतले, काही झालं नाही,' तर त्याचं ऐकून घे आणि सोडून दे. मलाही दोन दिवस काही झालं नव्हतं.

स्वादुपिंड ही ग्रंथी जठराच्या मागं, मणक्याला टेकून असते, वीतभर लांब. तिचा रस आतड्यात पोचल्यावर जागा व्हायचा असतो. तो आतच जागा झाला की ग्रंथी स्वतःलाच पचवायला लागते. असं वारंवार झालं की ती कडक होत जाते. मग तूप-तेल पचत नाही, शौचाला तेलकट होतं, वजन उतरतं आणि इन्सुलिनही तिथलंच, त्यामुळं साखर मागं लागते. आमच्या खात्यातला एकजण जेवणाआधी एन्झाइमची कॅप्सूल मोजून घ्यायचा, पंगतीत सगळ्यांच्या देखत. तेव्हा आम्ही हसायचो.

'लिव्हरचा रिपोर्ट नॉर्मल आहे ना, मग घे' असं सांगणारा तुला हमखास भेटेल. लिव्हर वेगळं, हे वेगळं. लिव्हर टॉनिकचा इथं काही उपयोग नाही. अमायलेज-लायपेज उतरलं म्हणजे परवाना मिळाला असंही नाही; ग्रंथी पार थकली की ते आकडे एरवीही वर जात नाहीत. सिगारेटही तिला वेगळी मारते, दारू सोडून सिगारेट वाढवू नकोस. आणि मामीकडं ते द्राक्षासव आहे ना, त्याला हात लावू नकोस. आसव आणि अरिष्ट आंबवूनच करतात, त्यात अल्कोहोल आपसूक तयार होतं.

तू दवाखान्यात होतास म्हणून तुझी सुटली. पण तुझा तो मित्र, जो रोज क्वार्टर संपवतो आणि तुझं बघून घाबरलाय, त्याला म्हणावं, देवापुढं शपथ घेऊन एका रात्रीत बंद करू नकोस. रोज पिणाऱ्यानं एकदम थांबवलं तर हात थरथरतात, फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांत माणूस भ्रमात जातो. जिवावर बेततं. डॉक्टरच्या देखरेखीखाली सोडायची. पुण्यात मुक्तांगण १९८६ पासून आहे, तिथं जायला लाज कसली?

आता खरं अवघड काय ते सांगतो. बाटली नाही, बैठक. लोक वाईट नसतात, त्यांना फक्त रिकामा ग्लास बघवत नाही. म्हणून जाशील तिथं पहिल्या पाच मिनिटांत सोडा-लिंबू ओतून घे, आणि अर्धा झाला की पुन्हा भर. भरलेल्या ग्लासात कुणी ओतत नाही. कारण सांगत बसू नकोस. 'डॉक्टरांनी बंद केलीय' म्हटलंस की दहा डॉक्टर टेबलावर तयार होतात. 'गोळ्या चालू आहेत' म्हटलंस की विचारतात, 'कधी संपणार?' 'मला चालत नाही' एवढंच म्हण आणि शेंगदाण्यांकडं वळ. तळलेले नको, भाजलेले, तेही चार. गाडीची किल्ली खिशात ठेव. ड्रायव्हरला कुणी आग्रह करत नाही, उलट घरी सोडणार म्हणून जपतात. पहिले सहा महिने मात्र बैठकीला गेलाच नाहीस तर उत्तम. मी गेलो होतो, नको होतं जायला.

श्रावणाचं नाटकही करू नकोस. महिनाभर पाळायचं आणि मग हक्कानं मागायचं, हे मी पंचवीस वर्षं केलं. बंद म्हणजे बाराही महिने.

आमच्या डॉक्टरांनी एक सांगितलं होतं. फिनलंडमध्ये टाम्पेरेला दारूनं हा आजार झालेल्या १२० जणांचे दोन गट केले. एका गटाला दवाखान्यातच एकदा समजावलं, दुसऱ्याला दर सहा महिन्यांनी बोलावून पुन्हा पुन्हा. दोन वर्षांत पहिल्या गटातल्या १३ जणांना दुखणं उलटलं, दुसऱ्यातल्या पाचच जणांना. आपल्याकडं सहा महिने थांबायची कुणाची तयारी नसते, म्हणून मी तुला दर महिन्याला बोलावणार. कंटाळलास तरी ये.

पुढच्या आठवड्यात गटारी आहे. तुझे सगळे दोस्त मळ्यावर जमणार, मला माहीत आहे. तू इकडं ये. मामी चिकनचा अळणी रस्सा करतेय, वरचा तवंग काढून. येताना डझनभर लिंबं आण, आमच्या झाडाला यंदा काही लागलेली नाहीत.