आबांची खाट

बुलढाणा तालुक्यातले धाड गाव. पलीकडे जालना जिल्ह्याची हद्द लागते. या गावातले एक घर डोळ्यांपुढे आणा. घरात आबा आहेत. वय ७०. मुलगा आहे, सून आहे, दोन नातवंडे आहेत. चार एकर रान आहे. रानात कपाशी आणि सोयाबीन.

दिवाळीपर्यंत आबा रोज रानात जात. दिवाळीनंतर त्यांना ताप आला. आठ दिवसांनी ताप गेला, पण अशक्तपणा राहिला. मुलगा म्हणाला, "आबा, लई केलं तुम्ही आमच्यासाठी. आता बसून खा." त्याने ओसरीवर खाट टाकली. सून चहा खाटेवर आणून देई. जेवणाचे ताटही तिथेच. पाण्याचा तांब्या उशाशी. शेजारणी म्हणत, "सून असावी तर अशी!"

सून खरेच चांगली होती. पण तीन महिने झाले आणि आबांना खाटेवरून उठता येईना. आधी दोन्ही हात टेकून उठत. पुढे मुलाने हात दिला तरच उठत. एका रात्री मुलाला कशाला उठवायचे म्हणून अंधारात एकटेच बाहेर निघाले. उंबऱ्याला पाय अडखळला आणि पडले. हाड मोडले नाही, हे नशीब. सकाळी डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "माह्या पायातला जीवच गेला बाप्पा. वय झालं, दुसरं काय?"

वय झाले हे खरे. पण तीन महिन्यांत वय किती वाढते? तीनच महिने. मग पायांतला एवढा जीव गेला कोठे?

तो खाटेने खाल्ला.

बैल उन्हाळाभर दावणीला बांधून ठेवला, तर मृगात औताला जुंपल्यावर धापा टाकतो. हे शेतकऱ्याला सांगायला नको. माणसाचेही तसेच आहे. जे अंग वापरात नाही, त्याचे मांस झडते. तरुणाचे झडलेले लवकर भरून येते. म्हाताऱ्याचे लवकर झडते आणि सावकाश भरते. अमेरिकेत डॉक्टरांनी याचा प्रयोग केला. तो २००७ साली छापून आला. त्यांनी काही निरोगी वृद्धांना १० दिवस अंथरुणात ठेवले. खाणेपिणे नीट दिले. तरी १० दिवसांत त्यांच्या पायांचे सुमारे १ किलो मांस गेले. आबा तर तीन महिने खाटेवर होते.

पण गेलेले बळ परत येते का? येते. अमेरिकेतच बोस्टन शहरात वृद्धांच्या निवासात आणखी एक प्रयोग झाला. तो १९९० साली छापून आला. १० माणसे होती, सगळी नव्वदीच्या आसपासची. त्यांच्याकडून ८ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम करून घेतला. पायांचे बळ दुपटीहून जास्त झाले. नव्वदीत हे होते, मग सत्तरीत का होऊ नये?

आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण पाहा. महर्षी धोंडो केशव कर्वे १८५८ साली जन्मले. सतरा वर्षांचे असताना परीक्षा देण्यासाठी ते कोकणातल्या मुरुडहून साताऱ्यापर्यंत पायी गेले. तेथे 'तू फार लहान दिसतोस' म्हणून त्यांना परीक्षेलाच बसू दिले नाही! पुढे ते पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवीत. १९०० साली विधवांचा आश्रम गावाबाहेर हिंगण्याला गेला. कॉलेज संपले की कर्वे काही मैल पायी चालत आश्रमात जात. १९३६ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी, ज्या खेड्यांत शाळा नाही तेथे शाळा काढण्यासाठी त्यांनी मंडळ स्थापन केले. १९५८ साली त्यांना भारतरत्न मिळाले. १९६२ साली ते वारले, तेव्हा त्यांचे वय १०४ होते. आता, एका माणसावरून सगळ्यांचा हिशोब लागत नाही. चालणारा प्रत्येक जण शंभरी गाठत नाही. पण अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी नवे काम अंगावर घ्यायचे, तर पाय आपल्या ताब्यात असावे लागतात.

मुलाने आबांना सरकारी दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, साखर तपासली, डोळे पाहिले. मग विचारले, "घरात पाणी कोण आणून देतं?" सून म्हणाली, "मीच देतो." डॉक्टर म्हणाले, "उद्यापासून देऊ नका."

सूनबाईला हे फार जड गेले. तांब्या उशाशी होता, तो स्वयंपाकघरात गेला. पाणी हवे तर आबांनी उठायचे. रोज सकाळी भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवर बसायचे आणि उभे राहायचे. आधी हात टेकून पाच वेळा, मग हात न टेकता. खांब धरून थोडा वेळ एका पायावर उभे राहायचे. संध्याकाळी नातवाचा हात धरून देवळापर्यंत जायचे. छातीत दुखले किंवा चक्कर आली, तर थांबायचे आणि दवाखाना गाठायचा.

शेजारणी आता म्हणू लागल्या, "पाह्य व माय, म्हाताऱ्याले कामाले लावलं!" सून चुलीपुढे बसून रडली. आबांनी ते पाहिले. दुसऱ्या दिवशी ते ओसरीवर मोठ्याने म्हणाले, "मले कोणी लावलं नाही. मीच लागलो."

आबांचे खाणेही सुधारावे लागले. दात पडल्यामुळे ते चहात टोस्ट बुडवून खात आणि जेवण झाले म्हणत. चहाटोस्टाने मांस भरत नाही. त्याला डाळ, दूध, दही, अंडे, शेंगदाणे लागतात. सून भाकरी वरणात कुस्करून देऊ लागली. शेंगदाण्याचे कूट भाजीत घालू लागली. लोणचे आणि पापड कमी केले, कारण आबांचा रक्तदाब जास्त निघाला होता. दिवसभराचे सगळे मिळून मीठ एक चहाचा चमचा पुरे. उन्हाळा लागला तेव्हा आबांना तहान नसली तरी पाणी पिण्याची आठवण करावी लागे. म्हातारपणी शरीर कोरडे पडले तरी तहान लवकर कळत नाही.

तंबाखूची डबी मात्र आबांनी सोडली नाही. तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो, हे डॉक्टरांनी सांगितले. आबा म्हणाले, "पाहू." ते अजून पाहतच आहेत.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. पासष्टीतही दिवसभर निंदणीला जाणारी बाई आपल्या गावात आहे. तिला चालायचा उपदेश करू नका. तिला पोटभर डाळभाकरी, दुपारची सावली आणि घरी आल्यावर टेकायला जागा हवी. खाट तिच्यासाठी टाका.

पावसाळ्याच्या तोंडाला आबा काठी घेऊन रानाच्या बांधापर्यंत गेले. औत धरणे आता त्यांच्याने होत नाही. पण रात्री बाहेर जायला ते मुलाला उठवीत नाहीत. उंबऱ्यापाशी एक लहान दिवा लावलेला असतो. आबा काठी घेतात, दिव्याच्या उजेडात उंबरा ओलांडतात आणि परत येऊन निजतात. घरात कोणाला कळतही नाही.