उन्हाचे बळी मोजायचे कसे?

प्रश्न : हवामानबदल हा पर्यावरणवाल्यांचा विषय. मग उन्हाळा आला की आराखडे घेऊन आरोग्य खात्याची माणसं कशाला धावतात? साथीच्या रोगांचा अनुभव इथे काय कामाचा?
— एक वाचक, अकोला

उत्तर : साथी हाताळणाऱ्यांची पहिली खोड म्हणजे मोजदाद. उन्हाने दगावलेल्या म्हाताऱ्याच्या दाखल्यावर बहुधा हृदयविकार लिहिलेला असतो; उन्हाचं नाव कुठेच नसतं. मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला. संशोधकांनी कारणांची भानगडच सोडली आणि त्या महिन्यातले एकूण मृत्यू २००९ आणि २०११ च्या मे महिन्यांशी ताडून पाहिले. १,३४४ जास्तीचे निघाले.

पुढचा प्रश्न, कोण आणि कुठे? शहरातल्या एका रुग्णालयात नवजात बाळं सर्वांत वरच्या मजल्यावर, तापलेल्या स्लॅबखाली होती. पारा ४२ च्या वर गेला की दर अंशामागे उन्हाने आजारी पडणारी बाळं ४३ टक्क्यांनी वाढत. मग प्रसूती कक्ष खालच्या मजल्यावर हलवला आणि आजारी पडण्याचं प्रमाण बरंच उतरलं. ना नवं यंत्र, ना नवं औषध! २०१३ मध्ये महापालिकेने आराखडा केला. उष्म्याचा अंदाज आला की रंगानुसार इशारा, डॉक्टरांना प्रशिक्षण, पाण्याची सोय. नागपूरनेही पुढे हा कित्ता गिरवला.

एक धडा मात्र पुण्याचा, आणि कडू. १८९७ च्या प्लेगात घरोघर सोल्जर घुसले, तेव्हा लोक रोगीच लपवू लागले. २२ जूनला प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली. रोजंदारीवरच्या हमालाला ‘दुपारी बाहेर पडू नका’ असं नुसतं बजावणं मला त्याच पठडीतलं वाटतं. बुडालेली मजुरी कोण देणार, हे आधी सांगा. मग तो ऐकेल.

अर्थात देवीचा रोग लशीने संपला, तसं ऊन संपणार नाही. आरोग्य खातं मृत्यू कमी करील, पारा नव्हे. तो खाली आणायचं काम कोळसा जाळणाऱ्यांचं.

तुमच्या महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागाकडे गेल्या दहा वर्षांतल्या मे महिन्यांचे एकूण मृत्यू तेवढे मागून पाहा. माहितीच्या अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात.