गोष्ट विसरलीस तरी चालेल

अगं, वाचलेलं सगळं विसरायला होतं म्हणून एवढी खट्टू कशाला होतेस? मैत्रिणी कादंबऱ्यांवर तासन्‌तास बोलतात आणि तू नुसती मान हलवतेस, हे काही कमीपणाचं लक्षण नाही. त्या बोलतात त्यातलं निम्मं मागच्या कव्हरावरचं असतं, माझ्यावर विश्वास ठेव. गोष्ट म्हणजे पुढे काय झालं ते. ते कळलं की तिचं काम संपतं आणि ती डोक्यातून निघून जाते. जाऊ दे की! तू फक्त एवढं बघ, पुस्तक मिटून वर्ष झाल्यावरही कुणाचा आवाज कानात आहे? ज्याचा आवाज राहिला, ती तुझी कादंबरी.

मी माझ्यापुरतं हे करून पाहिलं, तेव्हा मला एक गंमत कळली. मनात घर करून बसलेल्या माझ्या बहुतेक कादंबऱ्या ‘मी’ म्हणून बोलणाऱ्याच्या तोंडून आलेल्या आहेत. आणि हा ‘मी’ काही फार शहाणा नाही बरं. त्याला स्वतःचंच सगळं उमगलेलं नसतं, किंवा उमगलं तरी तो ते लपवतो. जे त्याला दिसत नाही ते आपल्याला दिसतं. म्हणून त्याला सोडून येताना जीव अडकतो.

विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ घे. १९३९ ची, अगदी छोटी. एका दुपारी होईल. युरोपातून मुंबईकडे येणारी बोट. बोटीवर हिटलरच्या जर्मनीतून हाकलले गेलेले ज्यू, शांघायला निघालेले. दुसरीकडे कुठे त्यांना दार उघडत नव्हतं, शांघायला व्हिसाची अट नव्हती म्हणून शांघाय. त्यांच्यात हॅर्टा नावाची मुलगी, आणि सांगणारा आपला मराठी चक्रधर. आधीच्या प्रेमात पोळलेला, त्यामुळे मनाला चिलखत घालून फिरणारा. बोटीवरचे चार दिवस, बंदर आलं की संपणार, अशा हिशेबानंच तो या ओढीकडे बघतो. तिला मात्र मागे घर उरलेलं नाही आणि पुढे काय आहे ते ठाऊक नाही. तिच्याजवळ हेच चार दिवस आहेत. मुंबईला तो उतरतो, ती बोटीवरच राहते. त्यानंतरची पानं मी तुला सांगणार नाही. एवढंच सांगते, काय गमावलं ते चक्रधरला कळायच्या कितीतरी आधी आपल्याला कळलेलं असतं. त्याला हाका मारून सांगावंसं वाटतं, आणि पुस्तकातल्या माणसाला हाक ऐकू जात नाही. महायुद्धावरच्या जाडजूड कादंबऱ्या मी नंतर वाचल्या. त्यातल्या लढायांची नावंसुद्धा आज आठवत नाहीत. इथे एकही तोफ उडत नाही, आणि तरी युद्ध म्हटलं की मला ही बोट दिसते.

‘कोसला’बद्दल तू कुरकुरलीस, की पन्नास पानं झाली तरी काही घडतच नाही. खरं आहे. १९६३ साली ती आली तेव्हाही कितीजणांना तसंच वाटलं असेल. ती लिहिणारे नेमाडे तेव्हा जेमतेम पंचविशीत होते, आणि त्यांचा पांडुरंग सांगवीकरही पंचविशीचाच. खानदेशातल्या गावातून पुण्याला शिकायला आलेला, होस्टेल, मेस, कॉलेजातली भाषणं, घरून येणारे पैसे आणि त्यावरून वडिलांशी तणातणी. तो सगळ्या जगाची टिंगल करतो, स्वतःचीही करतो. तू इथपर्यंतच पोचलीस आणि पुस्तक ठेवून दिलंस. पुढे जा ग. त्याची धाकटी बहीण मनी देवीच्या आजारात जाते, आणि तोवर इतक्या सफाईनं चाललेली ती टिंगल त्याला पुरेनाशी होते. जो मुलगा कशालाच मोठं म्हणायला तयार नव्हता, त्याच्याकडे या दुःखासाठी भाषाच शिल्लक नाही. पुढे अजिंठ्याची लेणी बघतानाही तेच आडून आडून वर येत राहतं. आधीची ती कंटाळवाणी पानं लागतात ती याचसाठी. त्याचं हसणं अंगवळणी पडल्याशिवाय ते थांबल्याचं जाणवणार कसं?

(मुलगे ही कादंबरी वाचून दोन वर्षं पांडुरंगासारखे बोलत फिरतात. त्यांच्याकडे दुर्लक्ष करावं.)

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’तला राजाराम मास्तर वेगळा. तो काही लपवत नाही, तो फक्त नवखा आहे. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर कोवळ्या वयात शाळा उघडायला गेलेला पोरगा. कारभारी, आनंदा रामोशी, औताला बैलाशेजारी स्वतः खांदा देणारी शेकूची बायको, ही माणसं त्याला जेवढी कळतात तेवढीच तो सांगतो. उगाच कुणाची कीव नाही की कुणाचा गौरव नाही. वाडीनं मिळून तालीम बांधली की आपल्यालाही छाती फुगल्यासारखं वाटतं, आणि मग दुष्काळ पडतो, मेंढरं जातात, वाडी ओस पडते. १९५५ चं हे पुस्तक. आमच्या वेळी शाळेतल्या बाईंनी दिलं म्हणून वाचलं होतं. थोरपणी परत वाचलं तेव्हा कळलं, मास्तरच्या डोळ्यांदेखत गाव उठत होतं आणि मास्तराला करण्यासारखं काही नव्हतं.

रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ मात्र तुझ्या यादीत नसणारच, कारण ती यादीत सहसा नसते. १९७१ ची. गावातला शिंपी गंगाराम, मानी, हेकट; त्याच्या संसाराची वाताहत त्याची बायको पारबती सांगते, अस्सल मराठवाड्याच्या बोलीत. तिला नवऱ्याचा राग येतो, माया वाटते, भीती वाटते, सगळं एका वाक्यात. पुरुषाचा अहंकार त्याला कसा खातो, यावर एक शब्दही न बोलता तिनं ते दाखवलंय. पहिली चार पानं मोठ्यानं वाच. बोली अडते असं म्हणून ठेवू नकोस. कानाला लागली की अडत नाही.

मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ तू वाचली आहेस, म्हणून फार बोलत नाही. नववीतला मुकुंद त्याला आवडणाऱ्या मुलीला, शिरोडकरला, आडनावानंच ओळखतो आणि आणीबाणी त्याच्या डोक्यावरून जाते. हे त्याचं न कळणंच तुला आवडलं होतं, तू त्याला नाव दिलं नव्हतंस एवढंच.

आता ‘मृत्युंजय’. तू विचारशील म्हणून सांगते. सोळाव्या वर्षी मीही कर्णासाठी उशी भिजवली होती, आणि त्याची मला आज लाज वाटत नाही. तूही वाटून घेऊ नकोस. त्यातही ‘मी’ म्हणणारे आहेत, एक नाही, सहा: कर्ण, कुंती, वृषाली, दुर्योधन, शोण, कृष्ण. पण ती माणसं आपलं मन इतकं पुरतं उलगडून दाखवतात, की माझ्यासाठी काम उरत नाही. मी रडते आणि मोकळी होते. ‘रणांगण’नं मला मोकळं केलेलं नाही. माझ्या लेखी फरक तो.

माझा हा नियम मोडणारी कादंबरीही आहे. श्री. ना. पेंडशांची ‘रथचक्र’. तिथे ‘मी’ नाही, आणि नायिकेला नावही नाही, नुसती ‘ती’. मुलाच्या शिक्षणासाठी एकटी झगडणारी बाई. नाव नसूनही ती इतकी ठसठशीत आहे, की माझा सिद्धांत गुंडाळून ठेवायला मी आनंदानं तयार होते.

शिवाय वयाचं बघ. गौरी देशपांडेंचं ‘एकेक पान गळावया’ तू कपाटातून काढलंयस असं तुझी आई म्हणाली. ठेव परत. त्यातल्या बाईची मुलं मोठी झाली आहेत. तुला अजून नोकरी लागून वर्ष नाही झालं. आता वाचशील तर चतुराई दिसेल, चाळिशीजवळ वाचशील तर दचकशील. आणि जी कादंबरी आज पकडत नाही ती निर्धास्त बाजूला ठेव. शंभर पानं रेटल्याचं पुण्य कुणी देत नाही. ‘कोसला’ सोडून. ती मनीपर्यंत वाचायचीच, हा ताईचा हुकूम समज.

या महिन्यात ‘रणांगण’ घे. प्रस्तावना असलेली आवृत्ती मिळाली तर प्रस्तावना शेवटी वाच, कारण त्यात शेवट फोडलेला असण्याची दाट शक्यता आहे. वाचून झाल्यावर मला गोष्ट सांगत बसू नकोस. चक्रधरचा राग आला की नाही, तेवढं सांग.