स्टेपनी आधी, टायर नंतर

आंबा घाटात गाडी थांबली तेव्हा रात्रीचे सव्वाआठ झाले होते. जुलैचा पाऊस, समोर धुकं, मागच्या सीटवर ७६ वर्षांची आई. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरची तपासणी करून आम्ही दोघी कोल्हापूरहून रत्नागिरीला परतत होतो. खड्डा पाण्याने भरलेला, त्याची कड दिसलीच नाही. डावं पुढचं चाक धाडकन आत गेलं, थोड्याच वेळात डॅशबोर्डवर हवेचा पिवळा दिवा लागला आणि स्टिअरिंग डावीकडे ओढायला लागलं. वळण संपताच जरा रुंद जागा बघून गाडी कडेला घेतली. मोबाइलच्या उजेडात पाहिलं, तर टायरचा रस्त्याला टेकणारा भाग धड होता. चीर होती ती बाजूच्या भिंतीला, अंगठ्याएवढी लांब.

डिकीत स्टेपनी नव्हती. ती नाही हे मला गाडी घेतल्यापासून ठाऊक होतं.

माझी गाडी सेकंडहँड घेतलेली जर्मन सेडान. ती कारखान्यातून बाहेर पडते तीच रन-फ्लॅट टायरवर. या टायरच्या बाजूच्या भिंती इतक्या जाड आणि कडक असतात की आतली हवा पूर्ण गेली तरी गाडीचं वजन त्या पेलतात. ताशी ८० किलोमीटरच्या आत वेग ठेवला तर साधारण ८० किलोमीटर जाता येतं. म्हणून डिकीत स्टेपनीचा खळगाच नाही, तिथे बॅटरी बसवलेली आहे. साध्या टायरची हवा गेली की रिम रबरावर बसते आणि थोड्या अंतरातच टायरचा चोथा होतो.

त्या रात्रीच्या आठ महिने आधी मी चारही रन-फ्लॅट काढून साधे टायर बसवले होते. कारणं खरी होती. संगमेश्वरच्या बाजूला महामार्गाचं काम चाललेलं, आणि रस्त्याचा प्रत्येक सांधा सीटमधून थेट पाठीत पोचायचा. कडक भिंत खड्ड्याच्या कडेवर आपटली की दबत नाही. आतले धागे तुटतात आणि बाहेर फुगा येतो, नाहीतर रिमला तडा जातो. एका पावसाळ्यात माझ्या दोन टायरांना फुगे आले. त्याआधी एकदा खिळा घुसला, तेव्हा बिनहवेच्या टायरवर चाळीसेक किलोमीटर चालवून गाडी घरी आणली होती. दुकानदाराने तो टायर दुरुस्त करायला साफ नकार दिला, आणि त्याचं बरोबर होतं. हवा नसताना चाललेल्या रन-फ्लॅटच्या भिंती आतून तापून खराब होतात, बाहेरून काही कळत नाही. नवा टायर मागवावा लागला, पाच दिवस गाडी उभी. शिवाय एका रन-फ्लॅटच्या पैशात जवळपास दीड साधा टायर येत होता.

साधे टायर बसवून पहिल्यांदा लांज्यापर्यंत गेले, तेव्हा तीच गाडी आहे हे खरं वाटेना. आई म्हणाली, “आता कशी गादीवर बसल्यासारखी वाटते.” टायर बदलल्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. त्यांच्याबरोबर गाडीतून काय निघून गेलं, याचा हिशेब मी केला नाही, तिथे चुकले.

विक्रेत्याने पंक्चर किट दिलं होतं. त्यात ट्यूबलेसच्या पट्ट्या, सीलंटची बाटली आणि छोटा कंप्रेसर. “मॅडम, एवढ्यावर भागतं.” खिळ्यावर भागतं, हे खरं. घाटात मी सीलंट भरलं, कंप्रेसर लावला, आणि ते पांढरं पाणी चिरेतून बाहेर येऊन पावसाबरोबर वाहून गेलं. भिंत चिरली की ना पट्टी धरते ना सीलंट. मोबाइलला रेंज नव्हती. चाळीसेक मिनिटांनी एसटी थांबली. कंडक्टर खाली उतरून म्हणाला, “ताई, मावशींना आधी वर चढवा. गाडी काय पळून जात न्हाई.” साखरप्याला एका ओळखीच्यांकडे रात्र काढली. आईच्या डोळ्यात दर चार तासांनी औषध घालायचं होतं आणि ती बाटली गाडीच्या कप्प्यातच राहिली होती. रात्रभर ती एका कुशीवर पडून होती, तक्रार न करता. गाडी थांबली तिथून आमचं घर ८० किलोमीटरच्या आत होतं. जुने टायर असते तर बहुधा सावकाश चालवत का होईना, आपल्या अंथरुणावर पोचलो असतो.

म्हणून कुणी मला विचारलं की रन-फ्लॅट काढू का, तर मी आधी विचारते, गाडी कुठे आणि कधी चालवता? शहरातल्या शहरात फिरत असाल, तर साधे टायर, चांगलं किट आणि रस्त्यावर मदत देणारी सेवा एवढं पुरे. घाट, रात्र, सोबत म्हातारी माणसं किंवा लहान मुलं असतील, तर स्टेपनीची सोय झाल्याशिवाय जुने टायर काढू नका. माझा भाऊ दर आठवड्याला मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेने रात्री येतो. त्याला मी रन-फ्लॅटच ठेवायला सांगितलं. तिथे कडेला ट्रक घोंगावत असताना चाक बदलण्यापेक्षा पुढच्या सुरक्षित जागेपर्यंत हळू जाणं बरं. पाठीला थोडा त्रास झाला तरी चालेल. नियमावर विसंबू नका. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर किट असेल तर स्टेपनी नसली तरी चालते, असा बदल केंद्राने २०२० मध्ये केला. त्या रात्री कायद्याने माझी गाडी निर्दोषच होती.

बदलायचंच ठरलं, तर चारही एकदम बदला. एकाच एक्सलवर एक रन-फ्लॅट आणि एक साधा असं कधीही करू नका, वळणावर आणि ब्रेकला दोन्ही बाजू वेगळ्या वागतात. भिंतीवरचा भारांक आणि वेगाचं अक्षर कंपनीने सांगितल्यापेक्षा खाली जाऊ देऊ नका. ९४ म्हणजे त्या एका टायरवर ६७० किलो, ९१ म्हणजे ६१५. दुकानात दोन्ही सारखेच दिसतात. चार आकडी तारीखही वाचा, २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. बसवून झाल्यावर दाबाची यंत्रणा पुन्हा सेट करून घ्या. विमा कंपनीला हा बदल ई-मेलने कळवून लेखी उत्तर मागवा.

स्टेपनी म्हणून मी बारीक तात्पुरतं चाक घेतलं. ते घेताना पुढच्या चाकाच्या जागी प्रत्यक्ष बसवून पाहा, कारण पुढचे ब्रेक मोठे असतात आणि काही रिम त्यांना घासतात. डिकीत ते पट्ट्याने घट्ट बांधा. जोरात ब्रेक लागला की सुटं चाक मागच्या सीटवर येतं. जॅक, लांब दांड्याचा पाना आणि चोरी रोखणाऱ्या बोल्टची चावी एकाच पिशवीत ठेवा. माझी चावी आधीच्या मालकाकडेच राहिली होती, हे मला अंगणात सराव करताना कळलं. घाटात कळलं असतं तर नवं चाक असूनही उपयोग नव्हता.

या तात्पुरत्या चाकात ६० पीएसआय हवा लागते, नेहमीच्या चाकाच्या जवळपास दुप्पट, आणि नुसतं पडून राहिलं तरी ती उतरते. आईच्या पुढच्या तपासणीच्या आदल्या संध्याकाळी गेज लावलं तर ४९ दाखवत होतं. नाक्यावरच्या पंपावर भरून घेतली, चाक परत बांधलं, आणि औषधाची बाटली या वेळी आईच्या पर्समध्ये ठेवली.