तरुणांसाठी निर्भय जागा : मेदेयीन शहराचा धडा

हिंसाचाराची झळ पोचलेल्या तरुणांच्या पुनर्वसनाचा विचार करताना शिक्षण, समुपदेशन व रोजगार यांवर भर दिला जातो. ते जिथे बसतात-उठतात त्या जागेचा विचार मात्र क्वचितच होतो. या दृष्टीने कोलंबियातील मेदेयीन शहराचा अनुभव अभ्यसनीय आहे.

१९९१ साली या शहरात दर लाख लोकसंख्येमागे साडेतीनशेहून अधिक खून झाले. अमली पदार्थांच्या टोळ्या डोंगरउतारावरील गरीब वस्त्यांतून मुले हेरीत. मारणारे आणि मरणारे बहुतांशी तरुणच होते. २००४ साली यांपैकी काही वस्त्या रज्जुमार्गाने शहराच्या मेट्रोशी जोडण्यात आल्या. त्याच वर्षी महापौर झालेले गणितज्ञ सर्जिओ फाहार्दो यांनी सर्वांत गरीब वस्तीत सर्वांत चांगली वास्तू उभारण्याचे धोरण स्वीकारले. ग्रंथालय, संगणक कक्ष, सभागृह व मोकळे प्रांगण यांनी युक्त अशी 'उद्यान-ग्रंथालये' त्यातून साकारली.

या परिवर्तनाचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. २००३ ते २००८ या काळात खुनांच्या प्रमाणातील घट सुधारित वस्त्यांत तत्सम इतर वस्त्यांपेक्षा ६६ टक्क्यांनी अधिक आढळली. अर्थात, शहरातील एकूण घट केवळ बांधकामांमुळे झाली नाही. सशस्त्र गटांचे निःशस्त्रीकरण व पोलिसी उपाय हीदेखील तिची कारणे होती.

पुढे शहराच्या पाणीपुरवठा संस्थेने वस्त्यांनी वेढलेल्या जलटाक्यांची कुंपणे काढून तेथे दिवे, क्रीडांगणे व वर्गखोल्या यांची सोय केली. तत्पूर्वी रहिवाशांना, लहान मुलांनाही, कागदावर आपली अपेक्षा रेखाटावयास सांगण्यात आले.

या प्रयोगाला दुसरी बाजूही आहे. २००७ साली मोठ्या गौरवाने खुले झालेले 'स्पेन उद्यान-ग्रंथालय' बांधकामातील दोषांमुळे २०१५ साली बंद करावे लागले. ज्या मुलांना विश्वासाची जागा लाभली होती, त्यांच्यासमोर बंद दार उभे राहिले.

आपल्याकडे समाजमंदिर, वाचनालय वा व्यायामशाळा यांची योजना आखताना यातून पुढील बोध घेता येईल. भय अनुभवलेल्या मुलाला बसल्या जागेवरून दार दिसावे आणि बाहेर पडण्यास दुसरी वाटही असावी. रस्त्यापासून आतपर्यंत पुरेसा उजेड असावा. मन मोकळे करण्यासाठी एक लहान, शांत खोली राखून ठेवावी. मुलींना सायंकाळीही निःसंकोच येता यावे. आराखडा मंजूर होण्यापूर्वी तरुणांचे म्हणणे ऐकावे आणि देखभालीची तरतूद पहिल्याच अंदाजपत्रकात करावी. उद्घाटनाच्या दिवसापेक्षा पुढील दहा वर्षे दार उघडे राहणे, हेच अशा वास्तूचे खरे यश होय.