सह्याद्रीची झीज आणि वसईची भूमि

एव्हरशाईन सिटींतील एखाद्या उंच गच्चीवर उभें राहून पूर्वेकडे पाहिलें असतां तुंगारेश्वराची रांग दिसते. पश्चिमेस सपाट भूमि, खाडी, मिठागरें आणि त्यांपलीकडे अरबी समुद्र. डोंगर, मैदान व समुद्र या तीन निरनिराळ्या वस्तु आहेत, असें आपणांस वाटतें. परंतु भूगर्भशास्त्राच्या दृष्टीनें हा एकच जमाखर्च आहे. डोंगर देतो, नदी वाहून नेते आणि समुद्र सांठवून ठेवितो. पर्वताचें उचललें जाणें थांबल्यावर हा व्यवहार कसा चालतो, तें प्रस्तुत लेखांत पाहूं.

हिमालय हा दोन भूखंडांच्या टकरीनें वर आला आणि ती टक्कर अद्यापि चालू आहे. सह्याद्रीचें तसें नाहीं. सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं जमिनीस भेगा पडून लाव्हारस वाहिला व थरावर थर सांचून दख्खनचें काळ्या कातळाचें पठार झालें. पुढें सेशेल्स बेटांचा भूभाग भारतापासून तुटून दूर गेला व त्या पठाराची पश्चिमेकडील कड उघडी पडली. आपला सह्याद्रि म्हणजे ही तुटलेली कडच होय.

ही कड पावसाच्या माऱ्यानें हळूहळू पूर्वेकडे मागें हटत आली आहे. माथेरान व माहुली हे डोंगर मुख्य रांगेपासून सुटे उभे आहेत. पण त्यांच्या कड्यांवरील आडवे थर घाटाच्या थरांसारखेच आहेत. अर्थात् मधला प्रदेश झिजून गेला व हे मागें राहिले. पाण्याचा कल पाहिला तरी कड्याची जागा कळते. त्र्यंबकेश्वराजवळ उगम पावलेली गोदावरी समुद्र जवळ असतांही त्याकडे पाठ फिरवून १४६५ किलोमीटर पूर्वेस जाते. तेथूनच निघालेली वैतरणा मात्र कडा उतरून आपल्याकडे येते.

आतां कोणी विचारील, इतकी झीज होऊनही पर्वत कसा उरला? याचें मर्म इ. स. १८५५ मध्यें उकललें. कलकत्त्याचे आर्चडीकन प्रॅट यांनीं गणितानें दाखविलें कीं, हिमालय ओळंब्यास जितका ओढावयास हवा, त्याहून पुष्कळच कमी ओढतो. त्याच वर्षीं एअरी यांनीं कारण सुचविलें: पर्वताखालीं हलक्या खडकाचें खोल मूळ असून, त्या मुळावर पर्वत जणूं तरंगत असतो. वसईच्या धक्क्यावर मासळीनें भरलेली होडी रिकामी होऊं लागली म्हणजे ती पाण्यांतून वर येते. तसेंच येथें घडतें.

एक हिशेब करून पाहा. काळ्या कातळाची घनता सुमारें २·८ आणि खालच्या प्रावरणाची ३·३ धरली, तर विस्तीर्ण प्रदेशावरून १०० मीटर जाडीचा कातळ धुऊन गेल्यास जमीन सुमारें ८५ मीटर वर येते. म्हणजे उंची खरोखर १५ मीटरच घटते. उत्थान थांबल्यावरही पर्वत कोट्यवधि वर्षें टिकतो, तो यामुळेंच.

शेजारच्या खोलगट भागाचें काय होतें? भूकवच हें ताठ फळीसारखें आहे. एके ठिकाणचा भार उतरला कीं आजूबाजूचा भागही थोडा उचलला जातो. म्हणून पायथ्याशीं सांचलेला गाळ पुढें स्वतःच वर येऊन झिजूं लागतो व अधिक दूर जाऊन बसतो. गंगेच्या मैदानाचीही एके काळीं हीच गति होईल. इकडे समुद्रतळ मात्र गाळाच्या भारानें खचतो, व खचल्यामुळें आणखी गाळास जागा होते. पनवेलच्या बाजूस लाव्ह्याचे थर समुद्राकडे कललेले दिसतात. किनारा वांकल्याची ती साक्ष आहे. अशाच खचलेल्या समुद्रतळावर गाळाचे व चुनखडकाचे जाड थर बसले आणि त्यांतच इ. स. १९७४ मध्यें मुंबई हाय येथें खनिज तेल सांपडलें.

यावरून आपण काय शिकावें? आपल्या पायांखालील सखल भूमि ही पाण्यानें आणून घातलेली आहे व पाण्याचा तिच्यावरील हक्क जुना आहे. जुलै १९१८ नव्हे, जुलै २०१८ मध्यें, म्हणजे अगदीं आपल्या स्मरणांतल्या काळीं, वसई-नालासोपाऱ्याच्या वस्त्या पाण्याखालीं गेल्या व आगगाड्या थांबल्या. निसर्ग डोंगर झिजवितो तो कोटि वर्षांच्या मापानें. आपण खाणी खणून तीच टेकडी कांहीं वर्षांत भुईसपाट करितों आणि तिच्याच दगडमातीनें पाण्याची वाट बुजवितों. होडी भार उतरल्यावर वर येते खरी. परंतु इतक्या घाईच्या हिशेबास पृथ्वी बांधलेली नाहीं.

येत्या पावसाळ्यांत ओढ्याचें गढूळ पाणी पेल्यांत घेऊन रात्रभर स्थिर ठेवा. सकाळीं तळाशीं जो बारीक थर दिसेल, तो सह्याद्रीचाच एक कण समजावा.