प्रीती हा क्षमेचा हप्ता नाही

वाचन : लूक ७:३६-५०

हा पाठ वाचण्याआधी कृपया आपले पवित्र शास्त्र उघडा आणि वरील शास्त्रभाग सावकाश वाचा. मग स्वतःला एक प्रश्न विचारा : देवाने मला क्षमा केली आहे असे मी म्हणतो, पण मनातून मी अजूनही ती फेडत बसलो आहे का?

हा प्रश्न माझाही आहे. कॉलेजच्या पहिल्या वर्षी दादाने परीक्षा फीसाठी दिलेले पैसे मी भलतीकडेच खर्च केले आणि फी भरली असे खोटे सांगितले. शेवटच्या तारखेला सगळे उघडकीस आले. दादा रागावला, मग गप्प झाला आणि त्याने विलंब शुल्कासह फी पुन्हा भरली. त्या महिन्यात तो रविवारीही कामावर गेला. पुढे कित्येक दिवस मी त्याचे शर्ट इस्त्री करत होते, न सांगता चहा ठेवत होते आणि त्याची नजर चुकवत होते. एका संध्याकाळी तो म्हणाला, “चहा कर गं, पण हप्ता म्हणून करू नकोस.”

हे वाक्य मनात ठेवून आपण शिमोनाच्या घरी जाऊ.

१. शिमोनाच्या घरी काय घडले?

शिमोन नावाच्या परूश्याने प्रभू येशूला जेवायला बोलावले होते. त्या काळी मेजवानीत पाहुणे कुशीवर कलंडून, पाय मागे सोडून जेवत असत. त्यामुळे त्या गावातील एक स्त्री मागून येऊन थेट येशूच्या पायांजवळ उभी राहू शकली. लूक तिचे नाव सांगत नाही. पापी म्हणून ती गावाला ठाऊक होती, एवढेच तो सांगतो. तिच्या अश्रूंनी येशूचे पाय भिजले. तिने ते केसांनी पुसले, त्यांचे मुके घेतले आणि अलाबास्त्र कुपीतले सुगंधी तेल त्यांना लावले.

शिमोन तोंडाने काही बोलला नाही, पण मनात म्हणाला की हा खरा संदेष्टा असता, तर ही कोण आहे हे याला कळले असते. येशूला तीही कळत होती आणि शिमोनाचे मनही कळत होते.

२. दोन कर्जदार

मग येशूने एक छोटा दाखला सांगितला. एका सावकाराचे दोन कर्जदार होते. एकाकडे ५०० दीनार येणे होते, दुसऱ्याकडे ५०. दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी (मत्तय २०:२). म्हणजे पहिल्याचे कर्ज दीड वर्षाहून अधिक काळाच्या मजुरीइतके, तर दुसऱ्याचे साधारण दोन महिन्यांच्या मजुरीइतके होते. पण फेडायला दोघांकडेही काहीच नव्हते. सावकाराने दोघांनाही ते कर्ज सोडून दिले. इथे लूकने वापरलेले ग्रीक क्रियापद ‘कृपा’ या शब्दाच्याच कुळातले आहे.

मी वाणिज्य शाखेत शिकते. आमच्या हिशेबात ‘बुडीत कर्ज’ अशी एक नोंद असते. सोडून दिलेली रक्कम हवेत विरून जात नाही, ती धनकोच्या नफा-तोटा खात्यात तोटा म्हणून दिसते. कर्ज माफ होते, तेव्हा ते कोणीतरी सोसलेले असते. माझी फी दादाच्या रविवारांनी भरली. आपल्या पापांचे देणे प्रभू येशूने वधस्तंभावर स्वतःवर घेतले. म्हणून देवाची क्षमा म्हणजे डोळेझाक नव्हे. तिची किंमत मोजली गेली आहे, आणि ती आपण मोजलेली नाही.

३. आधी काय, नंतर काय?

या लेखांच्या भाषांतरात मदत करताना मी ४७व्या वचनापाशी अडखळले. तिची पुष्कळ पापे क्षमा झाली आहेत, कारण तिने पुष्कळ प्रीती केली, अशा अर्थाचे ते वचन आहे. मग काय, तिने प्रीती करून क्षमा मिळवली?

आपण म्हणतो, “घरात कोणीतरी आहे, कारण दिवा लागला आहे.” दिव्यामुळे माणूस घरात येत नाही. दिव्यावरून आपल्याला तो आहे हे कळते. येशूचा दाखलाही याच क्रमाने जातो : आधी कर्जमाफी, मग प्रीती. आणि शेवटी तो तिला सांगतो की तिच्या विश्वासाने तिचे तारण झाले आहे. अश्रूंनी किंवा तेलाने झाले, असे तो म्हणत नाही.

शिमोनाने पाहुण्याला पाय धुवायला पाणी दिले नाही, मुका घेतला नाही, डोक्याला तेल लावले नाही. त्याचे कर्ज खरोखर लहान होते का? असेलही. पण ५० दीनारवाल्याचे हातही रिकामेच होते. शिमोनाला आपले रिकामे हात कधी दिसले नाहीत, म्हणून त्याची प्रीतीही थंड राहिली.

४. मग आपण काय करावे?

पंडिता रमाबाई इंग्लंडमध्ये असताना लंडनजवळ फुलहॅम येथे गेल्या. समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांची तिथल्या ख्रिस्ती भगिनी मायेने सेवा करत होत्या. हे कशामुळे, असे रमाबाईंनी विचारले, तेव्हा एका भगिनीने त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली (योहान ४). पुढे केडगावला मुक्ती मिशनमध्ये रमाबाईंनी अशाच स्त्रियांसाठी कृपासदन उभे केले. नावातच उत्तर आहे : जी कृपा मिळाली, तीच पुढे दिली.

आज येशूचे पाय आपल्या समोर नाहीत, पण ज्यांच्याकडे शिमोनासारखे पाहावेसे वाटते अशी माणसे आहेत. वसतिगृहात कोणी बोलत नसलेली मुलगी, घरातून तोडलेला भाऊ, आपले पैसे परत न करणारा मित्र. तिथून सुरुवात करा. देवाने माझ्यावर खूश व्हावे म्हणून नको. त्याने आधीच क्षमा केली आहे, म्हणून करा.

दादासाठी मी आजही चहा करते. आता मात्र आम्ही दोघे समोरासमोर बसून तो पितो.

मनन करा

• कोणते पाप देवाने क्षमा केले आहे असे माहीत असूनही मी अजून त्याचे हप्ते भरत आहे?
• माझी प्रीती थंड झाली असेल, तर मी माझे कर्ज विसरलो आहे का?
• या आठवड्यात मी कोणाला क्षमा करू शकतो? त्याची किंमत मोजायला मी तयार आहे का?

प्रार्थना

हे प्रभू येशू, माझ्याकडे फेडायला काही नव्हते, आणि तू सर्व सोडून दिलेस. तुझी क्षमा मी आज रिकाम्या हातांनी स्वीकारतो. माझ्यातली भीती काढून टाक आणि तिथे प्रीती ओत, म्हणजे ती माझ्या शेजाऱ्यापर्यंत पोहोचेल. आमेन.